विमान उतरलं, पण गावात जायचं कसं?

विमानतळ म्हटलं की आपल्याला आधी गर्दी आठवते. ट्रॉल्या, प्रीपेड टॅक्सीची खिडकी, नावांच्या पाट्या धरून उभे असलेले ड्रायव्हर, आतेभावाला न्यायला आलेलं अख्खं कुटुंब. हे सगळं क्षणभर पुसून टाका. उरली एक किलोमीटरभर लांबीची डांबरी पट्टी, विमानं ठेवायची दोन-चार पत्र्याची हँगर, इंधनाचा एक पंप, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि चहूकडे मक्याची शेतं. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत. वेळापत्रकाची प्रवासी विमानं त्यांतल्या जेमतेम ५०० ठिकाणी उतरतात. बाकीचे बहुतेक असे आहेत.

तिथे उतरतात ती खाजगी वैमानिकांची छोटी विमानं. हे वैमानिक म्हणजे खाजगी जेटवाले अब्जाधीश नव्हेत. एखादा दातांचा डॉक्टर, एखादा शेतकरी, निवृत्त शिक्षिका, आणि अलीकडे डॅलस किंवा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहून शनिवार-रविवारी उडायला शिकणारे आपले पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवालेही. खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवायला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं (बहुतेकांना त्याहून बरंच जास्त लागतं). त्यानंतर क्लबचं विमान तासाच्या भाड्यानं घेऊन माणूस मित्रांसह कुठेतरी जेवायला जाऊ शकतो. या हौसेला तिथे ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. आजच्या इंधनाच्या दरात तो शंभरात बसत नाही, पण नाव टिकून आहे.

आता हिशेब पाहा. चार आसनांचं सेस्ना १७२ सुमारे १२० नॉटनं, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या वेगानं जातं. तीनशे किलोमीटर दीड तासाच्या आत पार होतात. मग इंजिन बंद करायचं, विमान जमिनीतल्या कड्यांना दोरांनी बांधायचं, आणि विचार करायचा की जेवणाची जागा तर सहा किलोमीटरवर आहे. रस्त्याला पदपथ नाही, बस नाही, रिक्षा तर नाहीच. चालत गेलं तर जितका वेळ हवेत गेला जवळजवळ तितकाच आता जमिनीवर जाणार. घरून फोल्डिंग सायकल आणावी म्हटलं, तर चार माणसं बसल्यावर सेस्नात वजनाची आणि जागेची इतकी ओढाताण असते की सायकलीसाठी एक माणूस घरी ठेवावा लागेल.

या शेवटच्या सहा किलोमीटरांसाठी मोबाइल अ‍ॅप्स निघाली आहेत. वरवर पाहता काम अगदी सोपं वाटतं. विमानतळ निवडा, गाडीची सोय आहे का बघा, संपलं. प्रत्यक्षात ते सोपं का नाही, हे समजण्यासाठी आधी तिथली गाडी समजून घ्यायला हवी.

भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली किल्ली

अमेरिकेतल्या छोट्या विमानतळावर प्रवाशाचा संबंध येतो तो एफबीओशी, म्हणजे ‘फिक्स्ड बेस ऑपरेटर’शी. नाव विचित्र वाटतं, पण त्यामागे इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची जादा विमानं स्वस्तात विकली गेली आणि ती घेऊन वैमानिक गावोगाव फिरायला लागले. कुरणात उतरायचं, लोकांना पाच-दहा मिनिटं आकाशात फिरवून आणायचं, पैसे घ्यायचे, पुढचं गाव. १९२६ साली ‘एअर कॉमर्स अ‍ॅक्ट’ आला, परवाने आणि विमानांची तपासणी आली, आणि ही भटकंती आटोक्यात आली. जे एका जागी ठाण मांडून इंधन, दुरुस्ती आणि शिकवणी असा धंदा करू लागले, ते ‘फिक्स्ड बेस’वाले. आज एफबीओ म्हणजे कुठे काचेची चकचकीत इमारत, तर कुठे एक खोली, कॉफीचं यंत्र, फाटका सोफा आणि भिंतीवर नकाशा. काही ठिकाणी तो खाजगी धंदा असतो, पुष्कळ छोट्या गावांत नगरपालिकाच तो चालवते.

आणि या खोलीत, भिंतीवरच्या खिळ्याला, एक किल्ली असते. तीच ‘क्रू कार’ किंवा ‘कर्टसी कार’. विमानानं आलेल्या कोणालाही तास-दोन तासांसाठी फुकट दिली जाणारी गाडी.

फुकट म्हणजे खरोखर फुकट. वहीत नाव, विमानाचा नंबर आणि वेळ लिहायची, बहुतेक ठिकाणी लायसन्स दाखवायचं, आणि निघायचं. गाडी कशी असेल याचा भरवसा नाही. पोलिसांनी वापरून सोडलेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया हा या जगातला जुना नमुना. नगरपालिकेकडे निवृत्त पोलीस गाड्या असतातच, त्यांतली एक विमानतळाला मिळते. एसी चालेलच असं नाही, छताचं कापड खाली लोंबत असतं, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा कायम पेटलेला, आणि काचेवर चिठ्ठी चिकटवलेली असते: ‘मागचं डावं दार आतून उघडा.’ वैमानिक या गाड्यांच्या गोष्टी विमानांच्या गोष्टींपेक्षा जास्त रंगवून सांगतात.

एवढी उदारता कशासाठी? थोडा धर्म, बराचसा हिशेब. या विमानांचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल महाग असतं, गॅलनला साधारण सहा डॉलर किंवा त्याहून जास्त. सेस्ना १७२ तासाला आठ-नऊ गॅलन पितं. म्हणजे जाऊन-येऊन तीन तासांच्या फेरीत २५ गॅलनच्या आसपास, जवळपास ९५ लिटर. तुम्ही ते कुठेही भरू शकता. ज्या गावात जेवायला जाता येतं त्या गावात ते भरण्याची शक्यता जास्त. शिवाय चार माणसं गावात जेवली, हार्डवेअरच्या दुकानात शिरली, तर नगरपालिकेच्या लेखी विमानतळाचा थोडा तरी उपयोग झाला. ज्या गावात दरवर्षी कोणी ना कोणी सभेत उठून ‘हा विमानतळ आपण कशाला पोसतोय?’ असं विचारतो, तिथे याला किंमत आहे.

याचे नियम कुठे छापलेले नाहीत, पण सगळ्यांना माहीत आहेत. गाडीत जेवढं पेट्रोल होतं त्याहून थोडं जास्त भरून परत आणायची. सांगितलेल्या वेळेच्या आत आणायची, कारण मागून कोणीतरी दुसरा उतरलेला असेल. विमानात इंधन त्यांच्याकडूनच भरायचं, निदान थोडं तरी. आणि ती घेऊन शेजारच्या राज्यात सहलीला जायचं नाही. एखाद्याने गाडी दिवसभर अडकवून ठेवली की पुढच्या महिन्यात किल्लीच्या जागी ‘गाडीची सोय बंद’ अशी पाटी दिसते.

ही पार्श्वभूमी इतकी सविस्तर सांगायचं कारण, अ‍ॅपला ज्या वस्तूचा पत्ता लावायचा आहे ती बाजारातली वस्तू नाही. तिला दर नाही, तिचं बुकिंग नाही, तिच्यामागे कंपनी नाही. ती शेजाऱ्याकडे ठेवलेल्या घराच्या किल्लीसारखी आहे. आणि कोणताही सरकारी नियम विमानतळाला गाडी ठेवायला सांगत नाही.

विमानतळ गावापासून इतके लांब का?

कारणं बहुतेक साधी आहेत. धावपट्टीला सपाट, स्वस्त, मोकळी जमीन लागते आणि आवाज कोणालाच दाराशी नको असतो. त्यात दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षणासाठी देशभर धावपट्ट्या बांधल्या गेल्या, त्याही मुद्दाम मोकळ्या रानात. युद्ध संपल्यावर त्यांतल्या शेकडो पट्ट्या स्थानिक नगरपालिका आणि काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, देऊन टाकल्या. त्यामुळे लोकसंख्या काही हजार आणि धावपट्टी मात्र बॉम्बर विमानाला पुरेल एवढी, अशी गावं अमेरिकेत आहेत.

शहराच्या कुशीतले विमानतळ होते, आहेत, पण त्यांच्यावर कायम कोणाचा ना कोणाचा डोळा असतो. शिकागोचा मेग्ज फील्ड तळ्याकाठी, शहराच्या मध्यभागापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशानं बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठे क्रॉस खणून ठेवले. आत उभी असलेली विमानं अडकली. ती नंतर समांतर टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याच्या रस्त्यावरून, उडवून न्यावी लागली. तेव्हापासून शिकागोत उतरणाऱ्या छोट्या विमानाला मिडवे किंवा त्याहून लांबचा विमानतळ धरावा लागतो, आणि मग प्रश्न पुन्हा गाडीचाच.

अ‍ॅपच्या पोटात काय असतं

आधीच्या काळी ही माहिती तोंडोतोंडी चालायची. अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाचं, म्हणजे एफएएचं एक अधिकृत पुस्तक असतं, ‘चार्ट सप्लिमेंट’. दर ५६ दिवसांनी नवं निघतं. त्यात धावपट्टीची लांबी, दिवे, रेडिओची फ्रीक्वेन्सी, इंधन कोणतं मिळतं, टोकाला झाडं आहेत का, हे सगळं असतं. हरणं धावपट्टीवर येतात, हेही असतं. गाडीबद्दल काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. विमान सुरक्षित उतरलं की एफएएचं काम संपलं, आणि ते एका अर्थी बरोबरच आहे. जमिनीवरच्या सोयी ‘एअरनॅव्ह’ सारख्या संकेतस्थळावर सापडतात, एओपीए या १९३९ पासूनच्या वैमानिक संघटनेच्या विमानतळ-सूचीत सापडतात, किंवा ‘फोरफ्लाइट’ या सर्वांत लोकप्रिय अ‍ॅपच्या एफबीओच्या पानावर. फोरफ्लाइट २००७ साली सुरू झालं, २०१९ मध्ये ते बोइंगनं विकत घेतलं. पण त्याचं मुख्य काम नकाशे, हवामान आणि उड्डाणाचं नियोजन. गाडी तिथे कोपऱ्यातली एक ओळ असते. म्हणून फक्त जमिनीवरच्या वाहनांसाठी वेगळी छोटी अ‍ॅप्स निघाली. बहुधा अशा अ‍ॅपमागे एखादा वैमानिकच असतो, ज्याला प्रोग्रॅमिंग येतं आणि जो कधीतरी उन्हात हायवेच्या कडेनं चालला आहे.

अशा अ‍ॅपचा पाया फुकट मिळतो. एफएए देशातल्या सगळ्या विमानतळांची माहिती सार्वजनिक करतं आणि दर २८ दिवसांनी ती ताजी करतं. ती उतरवून घेतली की नावं, कोड, ठिकाणं तयार. इथपर्यंतचं काम एका आठवड्याचं. आणि पहिला खड्डाही इथेच.

एफएएच्या यादीत विमानतळाचं जे अक्षांश-रेखांश असतं, ते सगळ्या धावपट्ट्यांचा भौमितिक मध्य काढून ठरवलेलं असतं. वैमानिकाला तेच हवं. पण तोच बिंदू टॅक्सीवाल्याच्या नकाशावर पाठवला, तर गाडीला बोलावलं जातं थेट धावपट्टीच्या मधोमध. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कुंपणाचं फाटक कुठे, इमारतीचं दार कुठे, हे वेगळं नोंदवावं लागतं, आणि ती नोंद कोणत्याच सरकारी यादीत तयार मिळत नाही. उपग्रहचित्र उघडून, एकेक विमानतळ बघत, माणसानं बोट ठेवायचं. मोठ्या विमानतळावर तर चार एफबीओ धावपट्टीच्या वेगवेगळ्या बाजूंना असतात. विमानानं या बाजूकडून त्या बाजूकडे दोन मिनिटांत जाता येतं, गाडीला मात्र पूर्ण कुंपणाला वळसा घालावा लागतो.

कोडांचंही तसंच. मोठ्या विमानतळांना तीन अक्षरी ओळखीचे कोड आहेत. छोट्यांना आकडे आणि अक्षरं मिसळून दिलेले असतात. कॅलिफोर्नियात हॅरिस रँच नावाचं रेस्टॉरंट आहे, धावपट्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, स्टेकसाठी प्रसिद्ध. त्याच्या धावपट्टीचा कोड ‘तीन-ओ-आठ’. त्यातला मधला ओ इंग्रजी अक्षर आहे. शोधताना शून्य टाकलं तर भलतंच काही निघेल किंवा काहीच निघणार नाही. चांगलं अ‍ॅप अशा चुका समजून घेतं.

मग येतो मुख्य प्रश्न: गाडी आहे का? ही माहिती गोळा करायचे दोनच मार्ग आहेत. एकेका विमानतळाला फोन करा, किंवा तिथे जाऊन आलेल्या वैमानिकांना लिहायला सांगा. दोन्ही मार्ग गळके आहेत. फोनवर सांगणारा बदलतो. वैमानिक लिहितो ते पोट भरल्यावर, घरी पोचल्यावर, आणि बहुतेक वेळा लिहीतच नाही. गाडी मधल्या काळात बिघडलेली असते, गावानं ती विकलेली असते, किंवा ती चालू आहे पण किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो.

माझ्या मते या अ‍ॅपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीखालची तारीख. ‘गाडी आहे’ ही माहिती अर्धवट आहे. ‘गेल्या महिन्यात एकानं ही गाडी वापरली’ ही कामाची. आणि ‘चार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलं होतं’ ही एक प्रकारची धोक्याची सूचना. जी अ‍ॅप्स तारीख लपवून सगळ्याच विमानतळांवर हिरवा बिल्ला लावतात, ती दिसायला छान असतात. उतरल्यावर मात्र बिल्ला चालवता येत नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे ‘आत्ता, या क्षणी, गाडी मोकळी आहे का?’ तंत्रज्ञान म्हणेल, गाडीत एक ट्रॅकर बसवा. पण बसवणार कोण? त्याचं महिन्याचं बिल नगरपालिकेचा तो एकटा माणूस मंजूर करून घेणार? जो गवतही कापतो, इंधनही भरतो आणि धावपट्टीवरचे दिवेही बदलतो? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर आजही रेडिओवर मिळतं. नियंत्रण टॉवर नसलेल्या विमानतळांवर युनिकॉम नावाची एक फ्रीक्वेन्सी असते, पुष्कळदा १२२.८. दहा-पंधरा मैलांवरून वैमानिक त्यावर विचारतो, वारा कुठून आहे, आणि जाता जाता, गाडी मोकळी आहे का? आत कोणी असेल तर उत्तर येतं.

हवेत इंटरनेट नाही

शहरात बसून अ‍ॅप बनवणाऱ्याला हे पटकन लक्षात येत नाही. छोट्या विमानात वाय-फाय नसतं. मोबाइलचं सिग्नल वर मिळालं तरी ते लहरी, आणि अमेरिकेत उडत्या विमानातून जुन्या ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला सेलफोन वापरायला दूरसंचार आयोगाची बंदीच आहे. एडीएस-बी नावाची यंत्रणा वैमानिकाच्या टॅबलेटवर हवामान आणि आसपासची विमानं फुकट दाखवते, पण त्यातून जेवणाच्या जागा किंवा गाड्या येत नाहीत. म्हणजे अख्ख्या देशाची यादी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेली असावी लागते.

आणि नेमकी हवेतच ती सगळ्यात जास्त लागते. ठरवून गेलेला वैमानिक आदल्या दिवशी फोन करून सगळं विचारू शकतो, त्याला अ‍ॅप नसलं तरी चालतं. पण समोर ढगांची भिंत उभी राहिली, परतायचं ठरलं, आणि उजव्या हाताला तीन विमानतळ दिसतायत. तिन्हींच्या धावपट्ट्या पुरेशा आहेत. वादळ ओसरायला रात्र जाणार. अशा वेळी मोटेल आणि गाडी कुठे आहे, यावरून उतरायची जागा निवडणं ही चैन नाही. मागच्या सीटवर लहान मूल असेल तर अजिबातच नाही. इथे या अ‍ॅपचा एक फायदा मला खरा वाटतो आणि तो जाहिरातीत कमी दिसतो: जमिनीवर सोय आहे हे माहीत असलं की माणूस लवकर उतरायला तयार होतो. ‘तिथे उतरून करणार काय?’ या विचारानं पुढे रेटत राहणं, घरी पोचायचंच म्हणून हट्ट धरणं, हे छोट्या विमानांच्या अपघातांमागचं जुनं आणि ओळखीचं कारण आहे.

उबर का बोलवत नाही?

मोठ्या शहराजवळ बोलवतातच. अडचण आडगावी. तिथे अ‍ॅपवर एखादी गाडी दिसते, ती चाळीस किलोमीटरवरून येते, तुम्हाला गावात सोडते आणि निघून जाते. परतताना तीही दिसत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा अनुभव नॅशनल पार्कमध्ये घेतला असेल. जायची गाडी मिळते, यायची मिळेलच असं नाही. त्यामुळे चांगल्या अ‍ॅपनं ‘इथे उबर आहे’ एवढं सांगून भागत नाही. रविवारी दुपारी चार वाजता परतीची गाडी मिळाली का, हे कोणीतरी लिहिलेलं हवं.

भाड्याची गाडी हा दुसरा पर्याय. एंटरप्राइझसारखी कंपनी ग्राहकाला घ्यायला येते म्हणून वैमानिकांत लोकप्रिय आहे. पण छोट्या गावातल्या शाखा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी बहुधा उघडतच नाहीत, आणि हौशी वैमानिक उडतो तो शनिवार-रविवारीच. टुरोसारख्या, लोकांच्याच गाड्या भाड्यानं देणाऱ्या सेवेनं काही ठिकाणी ही पोकळी भरली आहे. तिथे वेळेचं गणित मात्र जुळावं लागतं. समोरून वारा लागला म्हणून विमान तासभर उशिरा पोचलं, तर गाडीवाला थांबेल का? काही जण मग गाडीवाल्याला विमानाचा नंबर देऊन ठेवतात. फ्लाइटअवेअरसारख्या सेवेवर बरीच छोटी विमानंही नकाशावर सरकताना दिसतात.

बुकिंगचं बटण नसलेलं बरं

कुठलंही अ‍ॅप थोडं चाललं की कोणीतरी सुचवतं, यात बुकिंग टाका, रेटिंग टाका. क्रू कारच्या बाबतीत हे दोन्ही घातक आहेत असं मला वाटतं.

बुकिंग केलं की ‘माझा हक्क’ सुरू होतो. हवा बिघडली म्हणून बुकिंगवाला आलाच नाही, किल्ली दिवसभर त्याच्या नावावर लटकलेली, आणि प्रत्यक्ष उतरलेला माणूस कॉफी पीत बसलेला. पैसे घेऊन गाडी दिली की ती पाहुणचाराची राहत नाही, भाड्याची होते. मग विम्याचा प्रश्न येतो, जबाबदारीचा येतो, नगरपालिकेचा वकील येतो, आणि वकिलाचा सोपा सल्ला असतो: गाडी बंद करा. रेटिंगचं तर विचारूच नका. पंधरा वर्षं जुन्या, फुकट दिलेल्या गाडीला कोणी ‘एसी नाही, दोन तारे’ असं लिहिलं, तर ती देणाऱ्याला काय वाटेल? अ‍ॅपनं विचारावं तर एवढंच विचारावं: चालू आहे का, किती वेळ देतात, चाइल्ड सीट लावायला जागा आहे का, इमारत किती वाजता बंद होते.

पैशाची बाजूही विसरून चालणार नाही. अमेरिकेत सगळ्या प्रकारचे वैमानिक, विद्यार्थी धरून, आठ लाखांच्या आसपास आहेत. त्यांतले छोट्या विमानानं परगावी जाऊन गाडी शोधणारे फारच थोडे. इतक्या लहान बाजारात गुंतवणूकदार रमत नाहीत. म्हणून अशी अ‍ॅप्स एकट्या माणसाच्या उत्साहावर चालतात आणि तो थकला की नोंदी शिळ्या होत जातात. डाउनलोड करण्याआधी शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघावं.

जिथे गाडी हा पर्यायच नाही

मिशिगनमधल्या मॅकिनॅक बेटावर मोटारींना बंदी आहे, आणि ती आजची नाही, १८९८ ची. बेटावर धावपट्टी आहे, विमानं उतरतात, पण पुढे घोडागाडीची टॅक्सी किंवा आपले पाय. अ‍ॅपच्या रकान्यांत ‘कर्टसी कार, टॅक्सी, भाड्याची गाडी’ एवढंच असेल, तर मॅकिनॅकसमोर तीन फुल्या दिसतील आणि बघणाऱ्याला वाटेल, तिथे काहीच सोय नाही.

नॉर्थ कॅरोलायनात किल डेव्हिल हिल्सला, जिथे १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी उड्डाण केलं, त्याच स्मारकाला लागून ‘फर्स्ट फ्लाइट’ नावाची ३,००० फुटांची धावपट्टी आहे. इंधन मिळत नाही. स्मारक बघायला मात्र गाडी लागतच नाही, चालत जायचं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना बेटावरचा विमानतळ १,६०० फूट उंच पठारावर आहे आणि अ‍ॅव्हलॉन हे गाव खाली, साधारण १६ किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्यानं. तिथे बसच्या वेळा आधी विचारल्या नाहीत तर पठारावरून समुद्र बघत बसावं लागतं. आणि कॅन्ससमधल्या ब्यूमाँट या चिमुकल्या गावात वैमानिक विमानच गावातल्या रस्त्यावरून चालवत जुन्या हॉटेलसमोर आणत आले आहेत. तिथे अ‍ॅपनं काय लिहावं? ‘वाहन: तुमचंच.’

भारतात असं अ‍ॅप का नाही, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे हौशी वैमानिक मोजके आहेत. जुहूला १९२८ पासून विमानं उतरतायत, जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल आणलं तेही तिथेच, आणि जुहूच्या फाटकाबाहेर रिक्षासाठी अ‍ॅप लागत नाही. पण जुहूहून सहज उठून बारामतीला जेवायला जाऊन येऊ, असं इथे जमत नाही. उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो, हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यावी लागते, उतरायची परवानगी लागते. गाडीचा प्रश्न उभा राहायच्या आधीचे प्रश्नच अजून सुटायचे आहेत. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाच्या कामाला येतो तो परदेशात, तिथे उडायला शिकणाऱ्याला किंवा अशा वैमानिकाच्या शेजारच्या सीटवर बसून जाणाऱ्याला.

त्याच्यासाठी एवढंच. अ‍ॅपमध्ये गाडी दिसली तरी त्याच पानावरचा फोन नंबर दाबा. गाडी चालू आहे का विचारा, किती वेळ देतात ते विचारा. किल्ली कुठे असते आणि इमारत किती वाजता बंद होते, हेही विचारा. आणि एक प्रश्न बरेच जण विसरतात: उशीर झाला तर कुंपणाच्या फाटकातून परत आत कसं यायचं? फाटकाला आकड्यांचं कुलूप असतं. बाहेर पडायला आकडे लागत नाहीत, आत शिरायला लागतात. जेवून आल्यावर तुमचं विमान तीस मीटरवर दिसत असतं, आणि मध्ये आठ फुटी जाळी असते.